सगळं करणारं विमान घ्यावं, की एकेका कामाचं?

आर्वीचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातले काही पोट्टे सध्या अग्निवीरवायूच्या परीक्षेमागे लागले आहेत. सकाळी धावणं, संध्याकाळी पारावर गणित आणि त्यातून वेळ उरला की विमानं. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं, लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी (तुकड्यांपैकी) २९ उरल्या, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे: राफेल हवेतही लढतं, बॉम्बही टाकतं, टेहळणीही करतं, तर मग बाकीची भानगड कशाला? तेच घ्या.

माझं मत थोडं वेगळं आहे, म्हणून हा धागा.

पूर्वी आपल्याकडे कामं वाटून दिलेली असायची. शत्रूचं विमान अडवायला मिग-२१, जमिनीवर मारा करायला मिग-२७ आणि जग्वार, फार उंचावरून फोटो काढायला मिग-२५. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, हत्यारं वेगळी, शिकवणारे वेगळे. शिवाय बॉम्ब घेऊन जाणाऱ्याला राखायला दुसरं विमान सोबत द्यावं लागे. कारगिलमध्ये मिराजनं लेझरवर चालणारे बॉम्ब टाकले, २४ जून १९९९ ला टायगर हिलवर टाकले ते गाजले, पण त्या मोहिमांत पहाऱ्याला मिग-२९ ठेवावी लागत होती.

बहुउद्देशीय विमानाचा खरा फायदा पाहायचा तर १७ जानेवारी १९९१ पाहा. आखाती युद्धाचा पहिला दिवस. अमेरिकी नौदलाची एफ/ए-१८ विमानं प्रत्येकी चार बॉम्ब घेऊन, एकेक बॉम्ब सुमारे ९०० किलोचा, इराकच्या विमानतळाकडे निघाली होती. वाटेत इराकी मिग-२१ आडवी आली. एफ/ए-१८ च्या दोघा वैमानिकांनी बॉम्ब न टाकता, रडारची पद्धत बदलून दोन मिग पाडली आणि तसेच पुढे जाऊन ठरल्या ठिकाणी बॉम्ब टाकले. जुन्या काळी बॉम्बवाल्यानं आधी ओझं फेकून पळ काढला असता.

हे सगळं मान्य. पण विमान चार कामं करू शकतं म्हणजे एक विमान चार विमानांच्या जागी उभं राहतं असं नाही. पोरं नेमकं इथे घसरतात. जाणकारांनी लिहावं.

खारपाणपट्टा

मास्तर, धागा मस्त हाय, पन आधी पैशाचं सांगा. एक राफेल कितीले पडते?

आर्वीचा_मास्तर

२०१६ मध्ये ३६ राफेलचा करार सुमारे ५९ हजार कोटींचा झाला. भागाकार केला तर एकाला १६०० कोटींच्या वर जातं. पण त्यात शस्त्रं, सुटे भाग, देखभाल, आपल्यासाठी केलेले खास बदल हे सगळं आलं, नुसत्या विमानाची किंमत ती नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ तेजस मार्क-१ए चा करार ६२ हजार ३७० कोटींचा झाला, कर वेगळे. दोन्ही करारांत नऊ वर्षांचं अंतर आहे आणि दोन विमानांची ताकदही सारखी नाही, तरी साधारण तेवढ्याच आकड्यात ३६ की ९७, हा फरक डोळ्यांत भरतोच.

खारपाणपट्टा

म्हनजे ट्रॅक्टरवानीच झालं राजेहो. एकाच ट्रॅक्टरले नांगर लावा, रोटावेटर लावा, पेरनी यंत्र लावा, ट्रॉली लावा, सगळं करते. पन मिरगाचा पानी पडला अन् तिघायले एकाच दिवशी पेरनी कराची असली, की ट्रॅक्टर कोनाच्या वावरात जाईन? भांडनं तवाच होतेत.

आर्वीचा_मास्तर

पोरांना हेच सांगत होतो, तुम्ही दोन ओळींत मोकळे झालात.

टायगरहिल_९९

भाऊ, एवढी चर्चा कशाला? आपलं सुखोई घ्या. १२ ठिकाणी शस्त्रं, ८ टन भार, दोन वैमानिक, त्यात अडीच टनाचं ब्रह्मोस पोटाखाली. हवेतही राजा, जमिनीवरही राजा. आपल्या नाशकाजवळ ओझरला बनतं. आणि मे २०२५ मध्ये काय झालं ते जगानं पाहिलं. आता सांगतो कुणाची किती पडली ते...

व्यवस्थापक

ऑपरेशन सिंदूरमधल्या दोन्ही बाजूंच्या तोट्याचे आकडे इथे आणू नका. दावे परस्परविरोधी आहेत आणि मागचा धागा त्यावरच बंद करावा लागला. उरलेला प्रतिसाद उडवला आहे. विषयावर राहा.

पुलगावकर_काका

मास्तर, चांगला विषय घेतला. मी वायुदलात आर्मामेंट ट्रेडला, म्हणजे शस्त्रं लावायच्या कामाला होतो, बरीच वर्षं जग्वारवर गेली. त्यामुळे मी विमानाकडे खालून पाहतो, पोटाकडून. आता शेती करतो, पण सवय जात नाही.

पेपरात छापून येतं, राफेलला १४ हार्डपॉइंट, म्हणजे सामान टांगायच्या जागा, आणि साडेनऊ टन भार. खरं आहे. पण ते साडेनऊ टन म्हणजे बॉम्ब नव्हेत बरं. लांब जायचं तर बाहेरच्या तेलाच्या टाक्या लागतात, आणि टाकी लागली की ती जागा गेली. मग टार्गेटिंग पॉड, म्हणजे नेम धरायचं यंत्र, मग स्वतःच्या रक्षणाची क्षेपणास्त्रं. एवढं लावून उरेल ते बॉम्बचं. जग्वारची तर अशी गत की पंखाखालच्या जागा टाक्या आणि बॉम्बलाच पुरत नव्हत्या, म्हणून हवेतल्या हवेत मारायची क्षेपणास्त्रं पंखाच्या वर बसवली. विमानतळावर आलेले पाहुणे हमखास विचारायचे, हे उलटं कसं काय लावलं.

आता बटण दाबून भूमिका बदलण्याचं. वैमानिकासाठी ते खरं आहे. रडार हवेतलं शोधायचं सोडून जमिनीचा नकाशा काढायला लागतं, पडद्यावर बॉम्बची खूण येते. खाली डिस्पर्सलमध्ये, विमानं उभी असतात तिथे, मात्र तसलं बटण नसतं. सकाळी विमान हवाई पहाऱ्यासाठी सजवलं आणि दुपारी हुकूम आला की बॉम्ब लावा, तर आधी क्षेपणास्त्रं उतरवा. तोच पायलॉन (सामान टांगायचा पंखाखालचा खांब) चालतो का पाहा, नसेल तर तो बदला. मग इजेक्टर रॅक, बॉम्ब धरून ठेवणारं आणि सोडणारं यंत्र. बॉम्ब विमानापासून ढकलला जातो तो काडतुसाच्या दाबानं, आणि ते काडतूस बसवायच्या आधी त्या तारेत भटकी वीज नाही ना, हे मीटरनं तपासायचं असतं. मीटरनं जरा जरी काही दाखवलं तर काम तिथेच थांबतं, मग डोक्यावर कोण का उभं असेना. नवा पोरगा घाईत असला की आम्ही त्याला मीटर धरायला लावायचो, हात आपोआप हळू होतात. त्यानंतर फ्यूज, म्हणजे बॉम्ब फोडणारा भाग. शेवटी लाल फितीच्या पिना काढायच्या आणि किती काढल्या ते मोजून दाखवायचं. हे सगळं मे महिन्यात, काँक्रीटवर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी बैलबंडीच्या लोखंडी धावेला हात लावून पाहा म्हणजे कल्पना येईल.

मग होतं काय, की प्रत्यक्षात काही विमानं पहाऱ्याला सजवून ठेवतात आणि काही माऱ्याला. कागदावर सगळी सगळ्यासाठी असतात, पण लढाईच्या दिवशी त्यांचेही गट पडतात.

सुट्या भागांबद्दल थोडं. एकच जातीचं विमान असलं की गोदाम सोपं होतं, हा बहुउद्देशीय विमानाचा मोठा गुण सांगतात. आपल्याकडे तो गुण पुरता पदरात पडलेला नाही. आजही सुखोई, राफेल, मिराज, मिग-२९, जग्वार आणि तेजस, सगळी एकाच वेळी नांदताहेत, आणि आता यातलं जवळपास प्रत्येक थोडंफार सगळंच करतं. मिग-२९ आलं तेव्हा हवेतलं लढणारं म्हणून आलं, नंतर सुधारून त्यालाही जमिनीवरच्या माऱ्याचं काम दिलं. नागपूरला वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. ही सगळी खिचडी शिजवत ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर. तिथल्या लोकांचं काम कुणाच्या नजरेत येत नाही, हवाई प्रदर्शनाला गर्दी मात्र लाखाची.

वाशीमची_लेक

काका, दंडवत. तुम्ही पोटाकडून लिहिलं, मी पंखाकडून लिहिते. मी विमान बनवण्याच्या क्षेत्रात आहे, ओझर परिसरात. जे उघड आहे तेवढंच लिहीन.

जमिनीलगत, टेकड्यांच्या आडून वेगानं जाऊन मारा करायचा असेल तर पंख छोटा लागतो. तापलेल्या जमिनीवरून हवेचे हिसके येतात, मोठा पंख ते सगळे पकडतो आणि वैमानिकाची हाडं खिळखिळी होतात. छोट्या पंखावर वजन जास्त बसतं, विमान हवा कापत सरळ जातं. जग्वार तसंच आहे, युरोपचं टोर्नेडोही तसंच. उलट हवेत गिरक्या घेऊन लढायचं असेल तर मोठा पंख आणि भरपूर जोर लागतो. मिराजचा त्रिकोणी पंख बघा. ब्रिटननं टोर्नेडोचाच सांगाडा घेऊन हवाई संरक्षणाचं विमान केलं, तर ते लांब पहारा देण्यात ठीक निघालं, पण उंचावर वळताना कमी पडायचं. सांगाडा जन्मतः कशासाठी घडवला ते झाकत नाही.

ही ओढाताण संगणकानं बरीच कमी केली, हे आजच्या विमानांचं यश म्हणावं लागेल. मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान, आणि दर क्षणी त्याचे पृष्ठभाग हलवून त्याला सावरणारा संगणक. तेजस, राफेल, सुखोई सगळी याच जोरावर उडतात. हिसकेही संगणक बऱ्यापैकी मारतो. पण ओझं ते ओझं. राफेल मोकळं असताना ९ जी पर्यंत, म्हणजे वजनाच्या नऊपट जोर सोसत, वळतं, जड बॉम्ब आणि टाक्या लागल्या की मर्यादा साडेपाचपर्यंत येते. एफ-१६ मध्ये तर वैमानिकासमोर त्यासाठी वेगळा खटकाच आहे. जड सामान लावलं की तो बदलायचा, मग विमान स्वतःच वैमानिकाला जास्त पिळू देत नाही. म्हणून 'हे विमान ९ जी ओढतं आणि ९ टन उचलतं' ही दोन्ही वाक्यं खरी असली तरी 'आणि' खोटा आहे. दोन्ही एका उड्डाणात मिळत नाहीत.

हा मोह जुनाच आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी हवाई दल आणि नौदल दोघांना मिळून एकच एफ-१११ घ्यायला लावलं. पैसा वाचेल हा हिशेब. नौदलाला ते जहाजावरून चालवायला जड पडलं, १९६८ मध्ये त्यांचं रूप रद्द झालं आणि त्यांनी वेगळं एफ-१४ करून घेतलं. हवाई दलाकडे एफ-१११ मात्र उत्तम बॉम्बफेकी म्हणून राहिलं. गंमत अशी की पुढे एफ-३५ मध्ये तीच कल्पना परत आली, तीन दलांसाठी तीन रूपं. त्यातलं उभं उतरणारं एफ-३५बी आपण सगळ्यांनी पाहिलं, १४ जून २०२५ ला तिरुअनंतपुरमला उतरलं आणि २२ जुलैला गेलं. हायड्रॉलिक बिघाड, ब्रिटनहून तंत्रज्ञ यावे लागले.

खारपाणपट्टा

ते नारळाच्या झाडाखालचं इमान! आमच्या पोट्ट्यायनं त्याचे किती मीम पाठवले होते मले.

टायगरहिल_९९

ताई, पण एफ-३५ वाईट विमान आहे का मग? इस्रायल वापरतो की.

वाशीमची_लेक

अजिबात वाईट नाही. त्याचे सेन्सर आणि रडारपासून लपणं आज फार थोड्यांकडे आहे. पण लपायचं असेल तर शस्त्रं पोटाच्या आत ठेवावी लागतात आणि आत जागा मोजकी. बाहेर लावली तर लपणं गेलं. शिवाय आता विमानाची अर्धी ताकद सॉफ्टवेअरमध्ये आहे. नव्या सॉफ्टवेअर-हार्डवेअरचं जमेना म्हणून जुलै २०२३ पासून वर्षभर अमेरिकेनं तयार एफ-३५ ताब्यात घेणंच थांबवलं होतं. विमानं उभी, रंगवलेली, इंजिन ठीक, आणि घेता येत नाहीत.

आपल्यासाठी हा मुद्दा जास्त बोचरा आहे. एकाच विमानाला दहा प्रकारची शस्त्रं लावायची म्हणजे प्रत्येकाची जोडणी वेगळी करायची: पंख थरथरतो का, सुटल्यावर शस्त्र विमानाला घासतं का, संगणकाला ते ओळखू येतं का. विमान दुसऱ्याचं असेल तर दर वेळी त्याच्या दारात जावं लागतं. अस्त्र हे आपलं क्षेपणास्त्र ऑगस्ट २०२३ मध्ये तेजसवरून डागलं, तेव्हा बातमी छोटी आली. माझ्या मते ती त्या वर्षीच्या मोठ्या बातम्यांपैकी होती. अर्थात तेजसचं इंजिन अमेरिकेचं आहे. ८३ मार्क-१ए ची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची, आणि त्यांच्यासाठीचं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं. तेवढ्यात काय ते समजा.

पुलगावकर_काका

लेकीनं चांगलं मांडलं. एक राहिलं, ते माणसाचं.

आमच्या क्रू रूममध्ये भिंतीवर एक फळा असायचा. उभ्या ओळीत वैमानिकांची नावं, आडव्या ओळीत कामं: रात्रीचं उड्डाण, कमी उंचीवरून जाणं, रेंजवर बॉम्ब, हवेतल्या हवेत लढत, असं. प्रत्येक रकान्यात शेवटची तारीख. मुदत संपली की त्या कामाला तो माणूस चालत नाही, परत सराव. जग्वारवाल्यांच्या फळ्यावर रकाने कमी आणि प्रत्येक जण आपल्या कामात पक्का. दोन पोरं तर धुक्यातूनही पूल बरोबर शोधायची. बहुउद्देशीय विमानाच्या फळ्यावर रकाने वाढतात, पण महिन्याचे तास तेवढेच. मग वैमानिक सगळ्या कामांत बरा आणि कशातच तरबेज नाही, अशी भीती राहते. सिम्युलेटरनं पुष्कळ भरून निघतं म्हणतात, माझ्या काळी ते एवढं नव्हतं.

पैशाच्या चर्चेत विमानाची किंमत येते, पगार येतो, पण हा फळा येत नाही. मला विचाराल तर खरा तोटा तिथे आहे.

आर्वीचा_मास्तर

काका, हा मुद्दा आमच्या पारावर कुणी काढलाच नव्हता. पोरांना हा धागाच वाचायला देतो.

भंडारा_बायपास

सगळं वाचलं. वरचा विषय सोडून एक शंका. आता लढाई ड्रोनची म्हणतात. मग एवढं महाग विमान ड्रोन पाडायला पाठवायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडवर रशियाचे ड्रोन आले तेव्हा नेदरलँड्सच्या एफ-३५ नी ते पाडले म्हणे. मच्छर मारायला तोफ झाली ही.

वाशीमची_लेक

त्या रात्री दुसरं काही हाताशी नसेल तर तेच करावं लागतं, आणि एकदा-दोनदा परवडतंही. रोज शंभर आले तर नाही. ड्रोनसाठी स्वस्त उपाय वेगळे हवेत, आणि त्यातले काही तर नागपूरलाच होतात. सोलर समूहाचं भार्गवास्त्र मे २०२५ मध्ये गोपालपूरला तपासलं गेलं, अडीच किलोमीटरपर्यंत येणारे ड्रोन छोट्या रॉकेटनी पाडायला. त्याच समूहाचं नागास्त्र तर सैन्यात गेलंही. म्हणजे लढाऊ विमानाच्या यादीतून एक काम कमी झालं तर बरंच, त्याच्या गळ्यात आधीच फार बांधलंय.

उलट बाजूही बघा. ब्रह्मोस किंवा स्काल्पसारखं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र घेऊन, सीमेच्या आतूनच ते सोडून परत यायचं, हे काम छोट्या ड्रोनकडून होत नाही. मोठं बहुउद्देशीय विमान तिथे आपला पैसा वसूल करतं.

धामणगाव_रेल्वे

अवांतर प्रश्न, हसू नका. आमच्या बाजूनं समृद्धी महामार्ग गेलाय. वेळ पडली तर ही विमानं त्यावर उतरतील का? आग्रा-लखनौवर उतरवली होती ना?

पुलगावकर_काका

आग्रा-लखनौ एक्सप्रेसवेवर ऑक्टोबर २०१७ मध्ये जग्वार, मिराज, सुखोई उतरून गेली, हे खरं. पण कुठल्याही रस्त्यावर जमत नाही. तेवढा पट्टा मुद्दाम जाड काँक्रीटचा, सरळ, मधला दुभाजक काढता येणारा आणि बाजूला खांब नसलेला लागतो. ब्रिटिशांनी १९७५ मध्ये नव्या, अजून न उघडलेल्या महामार्गावर जग्वार उतरवून दाखवलं होतं. त्याची चाकं तशी दणकट.

खरी अडचण उतरण्याची नाही, कचऱ्याची. इंजिन जमिनीवर असताना समोरचं सगळं ओढून घेतं. मिग-२९ जमिनीवर असताना आपलं तोंड झाकणानं बंद करतं आणि वरच्या फटींतून श्वास घेतं. सुखोईच्या तोंडात जाळी उभी राहते. राफेल, तेजसला तशी सोय नाही. म्हणून विमानतळावर रोज सकाळी माणसं ओळीनं चालत खडा, स्क्रू, तारेचा तुकडा वेचतात. आम्हीही वेचले.

खारपाणपट्टा

मंग आमच्या गावच्या रोडावर दसरा ते दिवाळी कोनी उतरू नका बापा. तवा आख्ख्या रोडावर सोयाबीन पसरून रायते.